कुरण कीं मृगवन ?

नागपुराहून रामटेककडे जाणारी वाट आमच्या पायांखालची आहे. लहानपणीं रामटेकपर्यंत आगगाडी व पुढें बैलबंडी असा प्रवास असे. आतां मोटार थेट बांधापर्यंत जाते. तथापि गतवर्षीं बलिप्रतिपदेच्या दिवशीं त्या वाटेनें जातांना मनावर जें ओझें होतें, तें पूर्वीं कधीं नव्हतें. मनसरच्या पलीकडे एका खेड्यांत आमच्या एकत्र कुटुंबाची तीस एकर पडीत जमीन आहे. ती मक्त्यानें कोणास द्यावी, हें ठरविण्याचें काम घरांतील वडील म्हणून आमच्याकडे आलें होतें. मागणारे दोघे. एक गांवचा गोवारी. त्यास गुरें चारावयाची होतीं. दुसरे शहरांतील एक गृहस्थ. त्यांस तारेचें कुंपण घालून, मचाण बांधून, स्नेह्यांसह रात्रीं रानडुकरांच्या शिकारीस बसावयाचें होतें. गृहस्थांचा आकडा गोवाऱ्याच्या आकड्याच्या पांचपट होता. आमच्या वाड्याचें छप्पर तीन पावसाळे गळत आहे आणि पुतण्याची मुलगी वैद्यकीच्या शिक्षणास लागली आहे. अशा घरांत ‘पांचपट’ हा शब्द कोणत्या स्वरांत उच्चारला जातो, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

मोटार पुतण्या हांकीत होता. सीताबर्डीवरून निघतांना गोवारी स्मारक लागतें. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं, विधिमंडळाचें अधिवेशन चालू असतां, अनुसूचित जमातींच्या सवलतींची मागणी घेऊन मोर्चानें आलेले ११४ गोवारी चेंगराचेंगरींत मृत्यु पावले; त्यांत बायका व मुलें पुष्कळ होतीं. पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचीं गुरें राखणाऱ्या ह्या लोकांचें नांव शहरास ठाऊक झालें, तें अशा रीतीनें. स्मारक मागें पडल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, दया आणि व्यवहार ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या.” त्याच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य नव्हतें असें नाहीं. म्हणून आम्ही उत्तर दिलें नाहीं.

कामठी, कन्हान व मनसर हीं गांवें ओलांडतांना उजव्या हातास रामटेकची टेकडी दिसूं लागते. मेघदूतांतील रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें आहे. त्या टेकडीकडे पाहतांना कालिदासाचें दुसरें काव्य, रघुवंश, मनांत आलें. वर्गांत तें शिकवितांना जी गोष्ट आम्हांस सुचली नव्हती, ती ह्या वाटेवर सुचली. दुसऱ्या सर्गांत दिलीप राजा एकवीस दिवस नंदिनी धेनूच्या मागें रानांत हिंडतो, आणि त्या सेवेचें फळ म्हणून त्यास रघु हा पुत्र लाभतो. नवव्या सर्गांत त्याच वंशांतील दशरथ शिकारीस निघतो, तमसेच्या तीरीं घागर भरण्याचा शब्द हत्तीचा समजून बाण सोडतो, आणि मुनिपुत्राच्या वधानें पुत्रशोकाचा शाप घेऊन घरीं येतो. कवीनें शिकारीची निंदा केलेली नाहीं; तिचा आनंद त्यानें मनसोक्त वर्णिला आहे. पण अंधारांत केवळ शब्दावर सोडलेला बाण कोणास लागेल हें धनुर्धरास कळत नाहीं, एवढें त्यानें दाखवून ठेविलें आहे.

गांवच्या आखरावर गायगोधनाचा सोहळा चालला होता. गुरांचीं शिंगें रंगविलेलीं, गळ्यांत झेंडूच्या माळा, आणि पुढें डफ-बासरीच्या तालावर गोवाऱ्यांचा नाच. तेथून पाऊण कोसावर आमची जमीन. सारा मुरूम, पळस, बोरी आणि धुऱ्यावर मोहाचीं दोन जुनीं झाडें. मधल्या उतारावर मात्र गवत कमरेइतकें वाढलेलें होतें.

एवढीच जमीन आमच्याकडे कशी उरली, हेंही सांगितलें पाहिजे. १८५४ मध्यें भोसल्यांचें राज्य खालसा झालें आणि पुढील दशकांतील जमाबंदींत गांवचा वसूल करणारांस मालगुजार म्हणून मालकी मिळाली. गांवाभोंवतालचें रान, कुरण व तलाव त्यांच्या नांवें झाले. जळण, कुंपणाचे कांटे, गुरांची चराई हा रयतेचा निस्तार वाजिब-उल-अर्जांत नोंदला गेला. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली. रान व तलाव सरकारांत जमा झाले. घरशेत तेवढें मालकाकडे राहिलें. आमची तीस एकर म्हणजे त्या घरशेताची मुरमाड कड होय. पुढें पलीकडचें पेंचचें अरण्य राष्ट्रीय उद्यान झालें, आणि १९९९ मध्यें व्याघ्रप्रकल्प. वनांचें रक्षण झालें हें उत्तमच; परंतु गांवच्या गुरांस चरावयास जागा उरली, ती अशा कडांवर.

वाड्यांत आजोबांची एक वही आहे. निघण्यापूर्वीं ती आम्ही पुतण्यासमवेत वाचली होती. ‘चराई’ हें सदर जमेकडे. रकमा लहान, पण दरसाल येणाऱ्या. ‘शिकार’ हें सदर मात्र सर्वत्र खर्चाकडे. साहेबांसाठीं बंड्या, कोंबड्या, अंडीं, तंबूची जागा. एके ठिकाणीं ‘हांकेवाले ४०’ अशी नोंद असून तिच्यापुढें मजुरीच्या जागीं केवळ ‘पोहे-गूळ’ असें लिहिलें आहे. त्या शिकारीचें छायाचित्र अजून ओसरीवर टांगलेलें आहे. मेलेल्या वाघावर पाय ठेवलेले साहेब मध्यभागीं. कडेला पागोटें घातलेले आजोबा. चाळीसांपैकीं एकही नाहीं. आजोबांनीं जन्मांत बंदूक हातीं धरली नाहीं, असें आमच्या घरांत अभिमानानें सांगतात. बंदोबस्त मात्र सारा त्यांचाच होता.

गोवाऱ्यास आम्ही बांधावर बोलाविलें. तो म्हणाला, “महाराज, जंगल सरकारचं, वाघ सरकारचा, ढोरं तेवढी आमची. तुमचं गवत तं उन्हाळ्यात जळूनच जाते. ढोरायनं खाल्लं तं तुमच्या वावरात खत पडन.” रात्रीं येथें शिकारी बसले तर काय होईल, असें विचारतां तो क्षणभर थांबला. “माया पोरगा पहाटे याच वाटेनं ढोरं काढते,” एवढेंच तो म्हणाला.

पुतण्यानें एक न्याय्य शंका काढली. चराईनें जमीन खरवडली जात नाहीं काय ? जाते, शेजारची पडीत आम्ही डोळ्यांनीं पाहिली, तींत गवताचें बीसुद्धां उरलेलें नाहीं. म्हणून कुरण म्हटलें कीं पुण्य, असें आम्ही मानीत नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, जेथें नांगर चालत नाहीं त्या भूमीचा विचार आहे. तेथें आधीं गुरांसाठीं कुरणें सांगितलीं आहेत. राजाच्या विहाराचें मृगवन त्यानंतर येतें. त्या मृगवनास खंदक व एकच दार असावें आणि आंतील हिंस्र श्वापदांचीं नखें व दांत काढलेले असावेत, असेंही तो म्हणतो. ज्यांची करमणूक, त्यांचीच सुरक्षितता ! गुराख्याच्या पोराची तरतूद तींत नाहीं.

राहिला कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकासही उरलेला नाहीं. उभ्या पिकाची नासाडी करणारें जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी कांहीं प्रसंगीं देतात. पण ती पिकासाठीं, मौजेसाठीं नव्हे. आमच्या पडितांत पीकच नाहीं, तर रक्षण कशाचें ? गवत आमचें आहे, तें आम्हांस विकतां येतें. डुक्कर आमचें नाहीं. तें विकून छप्पर शाकारणें हा व्यवहारही नव्हे. आणि बंदूक आपण धरीत नाहीं, एवढ्यानें बंदोबस्ताची जबाबदारी चुकत नाहीं. ओसरीवरच्या त्या छायाचित्रानें आम्हांस हेंच शिकविलें.

तेव्हां मक्ता गोवाऱ्यास दिला. गवताचा, जमिनीचा नव्हे. अटी लेखी घातल्या : अर्धें रान आलटून पालटून, बीं गळेपर्यंत बंद, गुरांची संख्या ठरलेली, झाडास कुऱ्हाड लावावयाची नाहीं. बंद अर्धें कोणतें ठेवावें, हें गोवाऱ्यानेंच फिरून दाखविलें. गवताची जाण आमच्यापेक्षां त्याला अधिक. पुतण्यानें कागदावर सही केली, परंतु मनापासून केली नाहीं, हें आम्हांस दिसत होतें. घरीं आल्यावर वहिनींनीं प्रथम छपराचेंच विचारलें. छप्पर यंदाही गळणार. त्याची तजवीज आम्ही आपल्या निवृत्तिवेतनांतून हळूहळू करूं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें ओसरीवरचें तें छायाचित्र उतरवून पुसलें व पुन्हां जागेवर लावलें. नंतर त्यानें विचारलें, “काका, ह्या चाळीस जणांत त्याचा आजा असेल काय ?” वहींत नांवें लिहिलेलीं नाहींत. नव्या कागदावर मात्र गोवाऱ्याचें नांव पूर्ण लिहिलें आहे.