मातीचा नकार

मरीन लाइन्स स्थानकाच्या पूर्वेला बडा कब्रस्तान आहे आणि त्याला लागूनच चंदनवाडीची स्मशानभूमी. रोज लोकलने जाणाऱ्या मुंबईकराला या दोन्ही जागा इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्याची नजर तिथे ठरत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर या कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने जाहीर केलं, की दहा हल्लेखोरांपैकी मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना इथे जागा मिळणार नाही. इतर मुस्लिम संघटनाही या निर्णयामागे उभ्या राहिल्या.

या नकाराचं वजन समजून घ्यायला हवं. मेलेल्याला आंघोळ घालणं, कफन देणं, त्याच्यासाठी नमाज पढणं आणि त्याला माती देणं ही इस्लाममध्ये साऱ्या समाजावरची जबाबदारी मानली जाते. कुणीच पुढे आलं नाही, तर दोष सगळ्यांना लागतो. अशा श्रद्धेत वाढलेल्या माणसांनी ठरवलं, की निरपराधांच्या रक्ताने हात माखलेले हे लोक आमचे नव्हेत, आमची माती त्यांना मिळणार नाही. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. जानेवारी 2010 मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही गोष्ट विधिमंडळात सांगितली.

गोळ्या झाडायला दहा माणसं पुरली, पण त्यांना जे म्हणायचं होतं त्यासाठी दहा पुरत नाहीत. ‘आम्ही एका संपूर्ण समाजाच्या वतीने बोलतो आहोत’ हा त्यांचा दावा असतो आणि तो खरा वाटायचा तर तो समाज किमान गप्प तरी राहावा लागतो. बडा कब्रस्तानाने तो दावा सर्वांसमक्ष खोडून काढला. तेही मोर्चा न काढता, केवळ साडेतीन हात जमीन नाकारून.

हल्ल्याच्या वर्षी, 2008 मध्ये, 9 डिसेंबरला बकरी ईद होती. मुंबईत अनेकांनी काळ्या फिती लावून नमाज पढली. आमच्या गल्लीतले शिंपीचाचा मूळचे रत्नागिरीकडचे, बोलायचे आमच्यासारखंच मराठी. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र नव्या कुर्त्याच्या बाहीवर बोटभर रुंदीची काळी पट्टी होती. ती टाचणीने लावलेली नव्हती, बारीक टाके घालून नीट शिवलेली होती. माझी नजर तिथे गेलेली पाहून ते म्हणाले, “सणाच्या दिवशी नव्या कपड्याला काळं लावू नये, हे मलाही कळतं. पण आज तसंच घराबाहेर पडवेना.” मी ईदच्या शुभेच्छा दिल्या, त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून निषेध कुणी मागितला नव्हता. म्हणूनच तो मला आजही खरा वाटतो.

पुढे 22 एप्रिल 2025 ला काश्मीरमधल्या पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते, डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे. मारेकऱ्यांनी धर्म विचारून माणसं वेगळी काढली होती. त्यांना अडवायला गेलेला स्थानिक घोडेवालाही तिथेच मारला गेला. बैसरनला मोटारीचा रस्ता नाही. जखमींना खाली आणायला घोडेवाले आणि शालविक्रेतेच धावले, कुणी कुणी तर पर्यटकाला पाठुंगळी घेऊन. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात बंद पाळला गेला. श्रीनगरच्या लाल चौकातली दुकानं उघडली नाहीत, मशिदींच्या भोंग्यांवरून हत्येचा धिक्कार झाला आणि अनेक वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं.

काश्मीरला बंद नवा नाही. पण तिथला बंद वर्षानुवर्षं फुटीरतावाद्यांच्या हाकेवर व्हायचा. तेच हत्यार लोकांनी या वेळी मारेकऱ्यांच्या विरोधात उचललं. जिथे बंदुकीविरुद्ध बोलणाऱ्याच्या दारावर रात्री थाप पडू शकते, तिथे दुकानाचं शटर खाली ओढणं हे धाडसाचंच काम आहे. शिवाय ते पर्यटकांच्या हंगामाचे दिवस होते. त्यावरच ज्यांचं वर्षाचं पोट, तीच माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आली होती.

याच दिवसांत देशात इतरत्र मात्र काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, काहींना खोल्या सोडून गावी परतावं लागलं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तोच बैसरनमध्ये पती गमावलेल्या एका तरुणीने सांगितलं, की मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका, आम्हाला न्याय हवा आणि शांतता हवी. त्याबद्दल समाजमाध्यमांवर तिलाच अर्वाच्य शिव्या खाव्या लागल्या. माझ्या लेखी तिचं बोलणं आणि लाल चौकातला बंद ही एकाच जातीची कृती आहे. मारेकऱ्यांनी माणसांची वाटणी केली होती. ती वाटणी दोघांनीही आपापल्या जागेवर उभं राहून झिडकारली आणि दोघांनीही त्याची किंमत मोजली.

प्रत्येक हल्ल्यानंतर ‘त्यांच्यातले लोक निषेध का करत नाहीत?’ असा सवाल आपल्याकडे हमखास येतो. बहुतेक वेळा निषेध झालेला असतो, आपण तो ऐकलेला नसतो. आणि ऐकल्यावरही आपण पुन्हा पुरावा मागतो. स्वतःहून पुढे येऊन बोलणारा माणूस नागरिक असतो. त्याला दटावून बोलायला लावलं, की आपण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. मग त्याने काहीही म्हटलं तरी ते कमीच पडतं.

दहशतवाद्याला पकडणं, त्याला शिक्षा देणं हे पोलिसांचं, न्यायालयाचं आणि सैन्याचं काम आहे आणि ते कठोरपणे व्हायलाच हवं. पण त्याने घातलेली फूट मान्य करायची की नाही, हे कोणतंही सरकार आपल्या वतीने ठरवू शकत नाही. पुण्यात ‘सरहद’सारख्या संस्थेने काश्मीरच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, वाढवलं. तेवढं मोठं काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही. पण खोली शोधत आलेल्या काश्मिरी मुलाला इतर भाडेकरूंना विचारतो तेवढेच प्रश्न विचारून किल्ली देणं, हे तुमच्या-माझ्या आवाक्यातलं आहे. अतिरेक्यांना नाकारायची आपल्या वाट्याची जागा तीच आहे.