एका मिलिमीटरची तूट

चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि मागे स्प्रिंग असलेली त्यांची गिअरची सायकल शहाद्यात माझ्या वाट्याला आली. म्हटलं, सातपुडा समोरच आहे; तोरणमाळचा घाट चढू, पोट उतरवू.

घाट लांबच राहिला. पहिल्याच चढावर सायकल मागून बसली, पुढून उठली. मागचा भाग फार दबला की हँडलचा दांडा मागे कलतो, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि पायडलचा जोर स्प्रिंगच खाऊन टाकते.

सायकलवाला म्हणाला, "भाऊ, माणूस बसल्यावर शॉकअप पंचवीस ते तीस टक्के दबला पाहिजे."

सौ.नं टेप धरला. 40 मिलिमीटरपैकी 12 हवे होते. मी 18 दाबले! चिरंजीवांचे बरोब्बर 12, त्यांनीच फ्रेमवर लिहून ठेवलेले. कडी दोन आटे आवळली, भागेना.

"जास्त आवळू नका. एक तर स्प्रिंग बदला, नाहीतर तुम्ही बदला."

स्प्रिंग बदलणं सोपं होतं. जाड आणली, जुनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

दिवाळीला चिरंजीव आले. फोनवर रोज सांगायचे, "मेस फर्स्ट क्लास आहे, बाबा." मी जुनी स्प्रिंग चढवली, त्यांना बसवलं, टेप लावला. 11!

एका रुपयाची तूट निघाली तरी रात्रीपर्यंत बँकेत बसणारा माणूस मी. पुन्हा मोजलं. अकराच.

मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "अगं, पुरण दुप्पट घाल. खात्यात तूट आहे."