काज, बटण आणि कात्री

वर्गाचं दार लोटून घेतलं की मास्तर राजा, हे मी एकतीस वर्षं वेदवाक्य मानत आलो. स्टाफरूममध्ये आम्ही वेतन आयोगापासून मिसळीच्या तर्रीपर्यंत सगळ्यावर वाद घातले. पण ‘ही कविता तुम्ही कशी शिकवता हो?’ असं एकमेकांना चुकून विचारलं नाही. विचारणं म्हणजे येत नसल्याची कबुली! प्राध्यापक एक वेळ कर्ज काढील, कबुली देणार नाही.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि वर्ग पडद्यावर भरला. मुलांचे कॅमेरे बंद. रंगीत वर्तुळांत नावांची नुसती आद्याक्षरं, तीही इंग्रजी. मराठीच्या प्राध्यापकानं उतारवयात एबीसीडीला केशवसुत शिकवले! ‘समजलं का?’ म्हटलं, तर एकही अक्षर बोलेना.

आम्हा तालुक्यांतल्या मराठीच्या प्राध्यापकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता. तिथं सुप्रभाताची फुलं आणि परिपत्रकं यांखेरीज काही उगवत नसे. एका रात्री धीर करून लिहिलं, ‘पोरं ऐकतायत की नाही, हे कळतं कसं?’ बराच वेळ शांतता. आता निवृत्तीपर्यंत तोंड लपवावं लागणार, असं वाटलं. तेवढ्यात एक ज्येष्ठ सर उमटले : ‘मलाही कळत नाही.’ मग ‘मलाही’ची रांगच लागली!

एका तरुण मॅडमनी सुचवलं, ‘अहो सर, दहा मिनिटंच बोला, मग एका शब्दाचं उत्तर लिहायला सांगा.’ दुसऱ्यानं रेंज नसलेल्यांसाठी व्याख्यान ध्वनिमुद्रित करून पाठवायला शिकवलं. मी ते केलं. दुसऱ्या दिवशी ‘पी’ या अक्षरानं लिहिलं, ‘ऐकतोय सर. घरात गलका आहे, म्हणून माईक बंद.’ चष्मा पुसावा लागला.

पुढं कळलं, या प्रकाराला शास्त्रीय नाव आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात त्याला ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हटलं. त्यात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथली शिकाऊ पोरं जाणत्यांच्या संगतीत आधी काज-बटण शिकतात, मग शिवण, आणि कात्री शेवटी. आमचं उलटं झालं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या हाती कात्री दिली गेली.

आता मी निवृत्त आहे. गट मात्र सोडलेला नाही. परवा कुणा नवख्यानं विचारलं, ‘माईकचं बटण कुठं असतं?’ सगळ्यांच्या आधी मी उत्तर दिलं. काज-बटण जमलं म्हणायचं!