निष्ठुर, निर्मम, कोडगा

पदव्युत्तर वर्गात शैलीविज्ञानाचा तास चालू होता. अध्यापकांनी फळ्यावर एक शब्दमाला लिहिली होती : निर्दय, निष्ठुर, कठोर, क्रूर, निर्घृण, नृशंस, निर्मम, पाषाणहृदयी. तीत भर घालण्यास त्यांनी सांगितले तेव्हा कुणीतरी ‘थंड’ हा शब्द सुचवला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने लगेच हरकत घेतली. ‘सर, आमच्याकडं थंड माणूस म्हणजे चांगला माणूस.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘आणि तुमच्या यादीत कोडगा नाही.’

दोन्ही आक्षेप वरवर किरकोळ वाटतात. परंतु त्यांपैकी पहिला मराठीच्या प्रतिमासृष्टीविषयी आहे आणि दुसरा शब्द वापरणाऱ्याच्या स्थानाविषयी.

उन्हाने भाजणाऱ्या मुलखाच्या भाषेत थंडपणा हा दोष ठरणे अवघडच. डोके थंड ठेवणे हा शहाणपणा, जीव थंड होणे हे समाधान. ‘थंड डोक्याने केलेला खून’ किंवा ‘थंड रक्ताचा माणूस’ ही रूपे वृत्तपत्रांच्या वाटेने इंग्रजीतून आली. मराठीचा स्वतःचा अक्ष ओले आणि कोरडे असा आहे. सहानुभूती कोरडी असते, उपदेश कोरडा असतो. पाठीवर ओढायच्या चाबकालाही ‘कोरडा’ असेच म्हणतात. उलट दया येते तेव्हा माणूस द्रवतो, त्याला पाझर फुटतो. काळा कातळ फोडल्यावाचून विहिरीला पाणी न लागणाऱ्या दख्खनच्या पठारावर ही प्रतिमा केवळ अलंकार नव्हे, तो रोजचा अनुभव आहे. म्हणूनच ‘पाषाणहृदयी’ या शब्दात निषेधाबरोबर एक आशाही दडलेली असते. आत कुठेतरी झरा असेल, या समजुतीनेच दगडावर घाव घातला जातो. लांडग्याला कुणी निष्ठुर म्हणत नाही. निष्ठुर म्हणायचे ते ज्याच्याकडून मायेची अपेक्षा आहे त्यालाच. संतांनी काळ्या पाषाणातील विठ्ठलाशी मांडलेले भांडण याच जातीचे आहे.

या व्यूहाचे एक विलक्षण रूप भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आढळते. जनस्थानातील रामाचा शोक पाहून दगडही रडला, असे पहिल्या अंकात लक्ष्मण सांगतो. त्याच अंकात सीतात्यागाचा निर्णय घेताना राम स्वतःलाच ‘नृशंस’ म्हणतो. तिसऱ्या अंकात वासंती त्याला तोंडावर ‘कठोर’ म्हणते. तुला कीर्तीच प्रिय, असा तिचा आरोप आहे. दुसऱ्या अंकातील एका प्रसिद्ध श्लोकात मात्र हाच कठोरपणा लोकोत्तर मनाचे लक्षण म्हणून येतो : वज्राहून कठीण आणि फुलाहून कोमल. आपल्या सुभाषितसंग्रहांनी तो श्लोक निवडला. वासंतीचा आरोप नाटकातच राहिला. कठोर हा शब्द गौरवाचा की दोषाचा, हे त्या शब्दावर ठरत नाही. तो कोण उच्चारतो यावर ठरते. आणि दगडाला रडवणाऱ्या या नाटकात करुण रसाची तुलना पाण्याशीच केलेली आहे. भोवरा, बुडबुडा, तरंग ही जशी पाण्याचीच रूपे, तसे इतर रस करुणाचीच रूपे.

संस्कृतातून आलेल्या इतर शब्दांचा प्रवासही सरळ नाही. ‘निर्घृण’ हा शब्द आज हत्येपुढे विशेषण म्हणून ठरून गेला आहे. मराठीत घृणा म्हणजे किळस. त्या हिशेबाने निर्घृण म्हणजे किळस नसलेला. संस्कृतात मात्र घृणा या शब्दाला दयेचा अर्थ होता आणि त्यामागील ‘घृण’ म्हणजे ऊब, ऊन. तेव्हा ऊब आणि दया यांचे नाते भारतीय भाषांना अगदीच अपरिचित होते असे म्हणता येत नाही. मराठीत ते एका शब्दाच्या पोटात गोठून राहिले, इतकेच. ‘निर्मम’ची गोष्ट याहून बोलकी आहे. गीतेच्या 12व्या अध्यायातील 13व्या श्लोकात भक्ताची लक्षणे सांगताना करुण आणि निर्मम ही विशेषणे शेजारी शेजारी येतात. तेथे निर्मम म्हणजे ‘माझे माझे’ न म्हणणारा. त्याचा करुणेशी विरोध नाही, किंबहुना ममत्व सुटल्यामुळेच त्याची करुणा मोकळी झालेली आहे. आज निर्मम म्हणजे दयाहीन. ज्याने ‘माझे’ सोडले त्याने ‘तुझे’ही सोडले असणार, असे भाषेने गृहीत धरले आहे.

मराठी समीक्षा मात्र हा शब्द अजूनही स्तुतीसाठी वापरते. निर्मम आत्मपरीक्षण, तटस्थ निवेदन, अलिप्त दृष्टी ही आपली मानाची विशेषणे. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात बुडणारा माणूस समोर असेल तर काठावर उभे राहणे हा गुण कसा, हा प्रश्न या संज्ञेतच आहे. तो सहसा विचारला जात नाही.

विद्यार्थिनीचा दुसरा आक्षेप येथे येऊन भिडतो. कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला, निबर हे शब्द फळ्यावरील शब्दांहून वेगळ्या कुळातले आहेत. पहिल्या कुळात दयेचा अभाव सांगितला जातो, दुसऱ्यात तो कसा घडला हे सुचवले जाते. भेंडी वेळेवर खुडली नाही की निबर होते. तळहात राबला की त्याला घट्टे पडतात. कोडगा म्हणजे मार खाऊन खाऊन ज्याला मार लागेनासा झाला तो. परंतु हा शब्द मारणाऱ्याच्या तोंडी असतो. त्यात कर्ता लपतो आणि दोष मार खाणाऱ्याच्या कातडीवर जातो. ‘मला शाळेत म्हणायचे,’ ती विद्यार्थिनी म्हणाली. ‘छडी बसली तरी रडायची नाही म्हणून.’

दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांवर लिहिताना ‘भोगलेले दुःख लेखक अलिप्तपणे सांगतो’ असे वाक्य आपण सर्रास लिहीत आलो. या अलिप्ततेला कलात्मक संयम म्हणावे की न रडण्याची सक्तीने लागलेली सवय म्हणावे, याचा निर्णय प्रत्येक कृतीत स्वतंत्रपणे करावा लागेल. सवयीला संयम म्हणून गौरवणे ही दिसायला दाद असते. प्रत्यक्षात घट्ट्याची कारणे पुसण्याचे काम ती करते. शाळेतला मास्तर जे कोडगेपण म्हणतो आणि समीक्षक ज्याला तटस्थता म्हणतो, ते काही वेळा एकच असू शकते.

अलीकडे या सगळ्यांवर ‘असंवेदनशील’ हा एकच शब्द पसरला आहे. शासन असंवेदनशील, समाज असंवेदनशील. निर्दय म्हणताना एका कृत्याचा जाब मागितला जात असे. असंवेदनशील म्हणताना केवळ उणीव नोंदली जाते. निवडणुकीत मतदान केंद्रही ‘संवेदनशील’ असते, तेथे फक्त बंदोबस्त वाढवायचा असतो.

तास संपण्यापूर्वी अध्यापकांनी ‘कोडगा’ हा शब्द फळ्यावर लिहिला. यादीच्या शेवटी नव्हे; एक रेघ मारून पलीकडे. मग त्यांनी सर्व शब्दांच्या वर एक रकाना वाढवला आणि लिहिले : कोण कोणाला म्हणतो? त्या रकान्यात वासंती, राम, संत, छडी उगारणारा मास्तर यांची नोंद सहज झाली. ‘तटस्थ’ हा शब्द यादीत घ्यावा काय, असे एका विद्यार्थ्याने विचारले. अध्यापकांनी खडू त्याच्या हाती दिला.