अब्बांच्या वहीतलं गाव

अब्बांच्या तीन वह्या मी गेली दोन वर्षं टाइप करते आहे. निम्म्या उर्दूत, निम्म्या मराठीत. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला, "खाला, वर्डमध्ये नका करू, एक्सएमएलमध्ये करा. उद्या कुठलंही सॉफ्टवेअर आलं तरी वाचता येईल."

ही पद्धत १९९८ सालची. मजकुराला कंसातल्या खुणा लावायच्या, एवढंच. त्यातली एंटिटी नावाची सोय मला फार आवडली. फाइलच्या सुरुवातीला एकदा सांगायचं की 'गाव' म्हणजे इस्लामपूर; मग मजकुरात नुसतं &गाव; लिहायचं. वाचताना संगणक तिथे नाव भरतो. (हे देवनागरीत चालतं हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला.)

पहिला खोडा व्याकरणाने घातला. 'इस्लामपूरचा' नीट यायचं, पण &गाव;ात लिहिलं की 'इस्लामपूरात'. वर्गात मी याला लाल गोल करते. मिरज आणि सातारा तर त्याहून अवघड, मिरजेला, साताऱ्याहून. प्रत्येक रूपासाठी वेगळी एंटिटी केली. उर्दूच्या भागात हा त्रास नव्हता. 'में, से, का' सुटे राहतात, इस्लामपूर जागचं हलत नाही.

मग २०२५ साली इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं. त्यावर मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. पुस्तकावर आजचा पत्ता हवा म्हणून मी वरच्या ओळी बदलल्या आणि फाइल पुन्हा उघडली. पहिल्याच पानावर अब्बा म्हणत होते, "मी ईश्वरपूरचा." पुढे आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल, तीही बदललेली. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आता तो त्यांच्या वहीत एकवीस ठिकाणी होता, आणि तो मी घातला होता.

चूक एंटिटीची नव्हती. तिचं कामच ते. एकदा नाव भरलं की ते कुठून आलं याचा मजकुरात मागमूस राहत नाही. माणूस काय म्हणाला आणि जागा कोणती, या दोन गोष्टी मी एकाच ओळीत कोंबल्या होत्या.

भाच्याने दुसरी रीत दाखवली. जुनी हस्तलिखितं संगणकावर आणणारे अभ्यासक अशीच वापरतात. <स्थळ संदर्भ="गाव१">इस्लामपुरात</स्थळ>. मधला शब्द अब्बांचा, जसाच्या तसा, प्रत्ययासकट. संदर्भ बोट दाखवतो शेवटच्या यादीतल्या नोंदीकडे. नोंद नसेल तर तपासणीत फाइल अडते. टाइपिंग दुप्पट, पण व्याकरणाचं भांडणही मिटलं.

ती नोंद लिहिताना मजा आली. आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा सातारा. १९४९ नंतरच्या कागदांवर दक्षिण सातारा. १९६० मध्ये त्याचंच सांगली झालं, माझ्या जन्मदाखल्यावर तेच. सगळी नावं एकाखाली एक, शेवटी ईश्वरपूर. घर तिथंच, त्याच गल्लीत.

एंटिटी मी एकच ठेवली, मुखपृष्ठावरच्या पत्त्यासाठी. तो आजचाच हवा.

परवा एका वाक्यावर अडले. अब्बा साताऱ्यात नोकरीला असतानाची वही. 'गावात पाऊस नाही,' एवढंच, नाव नाही. संदर्भ कुठला द्यायचा? साताऱ्यात राहून लिहिलंय, म्हणजे सातारा असेल. अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सातारा उनका गाँव कब था गे?"

गाव१ लिहिलं.