तिठ्यावरचे गाव : वारंगा फाटा

नांदेडहून उत्तरेकडे निघालेले वाहन अर्धापूर ओलांडते, डोंगरकड्याच्या केळीच्या बागा मागे टाकते आणि सुमारे 40 किलोमीटरांवर एका तिठ्यापाशी वेग कमी करते. डावीकडचा रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोली, वाशीम आणि अकोल्याला जातो. उजवीकडचा हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असा नागपूरची वाट धरतो. हाच हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा. मूळ गावाचे नाव नुसते वारंगा. परंतु प्रवाशांच्या तोंडी ‘फाटा’ हा शब्द त्या नावाला असा चिकटला आहे, की तो वगळून कोणी नाव घेतले तर ऐकणारा क्षणभर थबकतो. रस्त्याकाठच्या वस्तीने मूळ गावाला मागे टाकावे, हे मराठवाड्यात अनेक ठिकाणी घडले आहे. येथे ते विशेष ठळकपणे दिसते.

भूमी काळी, कसदार, बेसाल्टच्या खडकावरची. उत्तरेस पैनगंगा वाहते; हिंगोली-कळमनुरीकडून येणारी कयाधू पुढे तिलाच मिळते. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्याने हिंगोली, नांदेड व यवतमाळ या तीन जिल्ह्यांतील शेतीचे रूप पालटले. ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी आणि हळद आली.

आज उमरखेडकडे जाताना पैनगंगेचा पूल केव्हा ओलांडला, हे झोपलेल्या प्रवाशाला कळतही नाही. पूर्वी मात्र ही नदी म्हणजे राज्याची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब. संस्थानचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. दोन्ही तीरांवर देणेघेणे असणाऱ्या व्यापाऱ्याला मालाच्या भावाइतकेच नाण्यांच्या बट्ट्याकडेही लक्ष ठेवावे लागे. नफा मालात दिसावा आणि बट्ट्यात जावा, हे त्या काळी सहज शक्य होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. कळमनुरी तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. सीमा पुसली गेली, तसा आडबाजूचा तिठा विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधला उंबरठा ठरला.

या परिसराच्या पेठेचा खरा रंग पिवळा आहे. ओली हळद काढून शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची आणि मग हिंगोली वा वसमतच्या बाजारात न्यायची, असा हा कष्टाचा क्रम आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी, की कंदमूळ न खाणाऱ्या अनेक घरांत ओली हळद वर्ज्य असते. तीच वाळून कांडी झाली, की स्वयंपाकघरात मानाने येते.

मागे राहिलेल्या अर्धापूरशी जैन परंपरेचाही एक धागा आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. तेथील मूर्ती पूर्वी अर्धापूरला होती, असे परंपरा सांगते.

आणि फाट्याची खिचडी! हिंगोली-नांदेडच्या रस्त्यावर वारंगा म्हटले, की ऐतिहासिक सीमा कोणाला आठवत नाही. आठवते ती वाफाळती खिचडीची ताटली. पंचतारांकित काही नाही. डाळ-तांदळाचे साधे अन्न, पण रात्रीच्या मालमोटारवाल्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्वांना परवडणारे. कांदा-लसूण न खाणाऱ्याने मात्र आधी चौकशी केलेली बरी.

या साऱ्या व्यवहाराचे भांडवल एकच : येथे वाहन थांबते. नव्या राष्ट्रीय महामार्गांनी रस्ते रुंद केले आणि प्रवासाचा वेळ कमी केला. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे 284 किलोमीटरचा लोहमार्ग बांधला जात आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आराखड्यात सुमारे 802 किलोमीटर लांबी आणि हिंगोली, नांदेडसह 12 जिल्हे होते. सुपीक जमीन जाईल म्हणून अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. शेतकऱ्याची जमीन निदान सातबाऱ्यावर असते; तिचा मोबदला मागता येतो, नाकारता येतो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीची, केळीच्या गाड्याची, टायर-पंक्चरच्या दुकानाची मिळकत कोणत्याच उताऱ्यावर नोंदलेली नसते. वाहने दुसऱ्या मार्गाने निघून गेली, तर त्यांच्या नुकसानीचा अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा, याचे उत्तर आजच्या कोणत्याही आराखड्यात नाही.

तूर्त तिन्ही रस्त्यांनी वाहने येत आहेत. नागपूरकडची बस तिठ्यावर वळते, वाहक दार उघडून पुकारा करतो, आणि निम्मी बस खाली उतरते.