लर्जी

गेले दोन वीकांत काहीच लिहिलं नाही. कारण बाबा. आता घरी आलेत, मॅच बघताना टीव्हीशी भांडतायत, म्हणून लिहायला बसलो.

तर झालं असं. शुक्रवारी रात्री अकराला आईचा साताऱ्याहून फोन. बाबांना थंडी वाजून ताप, लघवीचं इन्फेक्शन, ॲडमिट केलंय. डॉक्टर विचारतायत, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? "अरे, त्या एका गोळीनं नव्हतं का अंगभर पुरळ आलेलं? तू लिहून घेतलं होतंस बघ."

घेतलं होतं खरं. २०१८ सालची गोष्ट, मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तेव्हापासून दिसेल ते टेक्स्ट फायलीत लिहून ठेवायची सवय, आणि पुढे ते सगळं ऑब्सिडियनमध्ये ओतलं. ऑफिसात यावरून मला बरंच चिडवतात. त्यामुळे मोठ्या ऐटीत म्हणालो, "थांब, एका मिनिटात सांगतो."

'ॲलर्जी' टाकलं. चार नोंदी, चारही माझ्याच धुळीच्या शिंकांच्या. 'पुरळ' टाकलं, शून्य. 'गोळी' टाकलं तर शेकड्यांनी, त्यात आईच्या चिंचगोळ्यासुद्धा :) फोनवर आई कुणाला तरी "शोधतोय, शोधतोय" सांगत होती.

मग ट्यूब पेटली. मराठीतल्या या 'ॲ'ला युनिकोडनं स्वतःचा नंबर दिला तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. पण बरेच कीबोर्ड 'अ' काढून त्यावर वेगळा चंद्र ठेवतात, काही जण हिंदीतला 'ऍ' वापरतात. पहिले दोन डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे. नॉर्मलायझेशन केलं तरी एक होत नाहीत. माझा तेव्हाचा फोन यातलं काय उमटवत होता, देव जाणे.

म्हणजे रेगेक्सच हवं. ऑब्सिडियनच्या शोधात दोन तिरक्या रेघांमध्ये लिहिलं की तो शब्द न राहता पॅटर्न होतो. पाथचा फिल्टर लावून आधी घरच्या फोल्डरपुरता शोध आवळला आणि लिहिलं:

/(ॲ|अॅ|ऍ|ए)लर्जी/

पण सवयीनं दोन्ही टोकांना शब्दाची हद्द दाखवणारी खूणही लावली, उलटी रेघ आणि बी. उत्तर शून्य. घाम फुटला. इथलं रेगेक्स जावास्क्रिप्टचं, आणि जावास्क्रिप्टच्या त्या हद्दीला अक्षर म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोर. आपली अख्खी बाराखडी तिच्या हिशेबी मोकळी जागा! त्यामुळे मराठी शब्दाला टोकच सापडत नाही. ही गोष्ट मला माहीत होती हो. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमध्ये हीच चूक मी काढली होती. पण बाप हॉस्पिटलात असताना काय आठवतंय.

दोन्ही खुणा काढल्या आणि ती ओळ आली: "बाबा. सल्फाची गोळी. अॅलर्जी!! अंगावर चट्टे. परत नको." पुरळ नव्हे, चट्टे. म्हणून तो शोधही वाया गेला होता.

डॉक्टरांनी फोन हातात घेऊन दोनदा विचारलं, "सल्फाच ना?" मग केसपेपरवर लाल पेननं लिहिलं आणि औषध दुसरं निवडलं. लघवीच्या इन्फेक्शनला सल्फाचं औषध देतात, हे मला नंतर कळलं. त्या रात्री झोप लागली नाही ती त्यामुळेच.

रविवारी साताऱ्याला हे सगळं धाकट्या बहिणीला रंगवून सांगितलं, अगदी पॅटर्न कागदावर काढून. ती कॉमर्सची. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "दादा, नुसतं 'लर्जी' टाकलं असतंस तर?"

करून बघितलं. आलं.

असो. आता सगळ्या फायलींतले 'अॅ' आणि 'ऍ' बदलून 'ॲ' करणारी स्क्रिप्ट लिहिलीय. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या ऱ चीही हीच रड आहे, तो दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो, पण ते पुढच्या वीकांताला. सध्या बॅकअप चालू आहे. आणि आईनं तोवर कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात 'सल्फा नको' लिहून ठेवलंय.